उद्या कोणाच्या मालकीचा?

श्रीरामपूर तालुक्यातले बेलापूर हे प्रवरेकाठचे जुने बाजाराचे गाव. दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या स्टेशनाला या गावाचे नाव मिळाले. स्टेशन मात्र आजही उभे आहे श्रीरामपुरात, त्यामुळे परगावच्या प्रवाशाची फसगत व्हायची ती होतेच. प्रवरेचे कालवे आले, मागोमाग ऊस आला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला आणि या पट्ट्यातले जगणे पुढच्या हंगामाच्या हिशेबावर बेतले गेले. ऊस हे वर्ष-दीड वर्षाचे पीक. लागण आज, तोड पुढल्या सालात, पैसा त्याच्याही नंतर. म्हणून घराचा स्लॅब, मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, सगळेच बोलणे भविष्यकाळात चालते. बायबलच्या नव्या करारात याकोबाचे एक छोटेसे पत्र आहे. त्याच्या चौथ्या अध्यायात जे व्यापारी भेटतात त्यांची भाषा नेमकी हीच आहे. आज नाही तर उद्या अमुक गावी जाऊ, तिथे वर्षभर राहू, धंदा करू, नफा कमावू, असे त्यांचे बेत चालले आहेत. याकोब त्यांना व्यापार सोडायला सांगत नाही; नफ्यालाही तो नावे ठेवत नाही. उद्या काय होणार हे तुम्हाला ठाऊक नाही, तुमचे आयुष्य घटकाभर दिसून विरून जाणाऱ्या वाफेसारखे आहे, आणि तरीही तुम्ही उद्याविषयी मालकासारखे बोलता, ही त्याची तक्रार आहे. अशा बोलण्याला तो बढाई म्हणतो. मरणाची आठवण आणि नम्रता यांची गाठ ख्रिस्ती शास्त्रात इतक्या उघडपणे फार थोड्या ठिकाणी घातलेली आहे. आणि ती घालताना नरकाची धमकी कुठेच दिलेली नाही.

नम्रता म्हटले की आपल्यापुढे खाली घातलेली मान, हळू आवाज आणि 'आम्ही काय, पामर' असे पालुपद उभे राहते. ती बहुतेक वेळा रीतभात असते, आणि ती चांगली जमलेल्या माणसाइतका गर्विष्ठ माणूस शोधून सापडायचा नाही. ख्रिस्ती विचारात नम्रतेचा अर्थ पुष्कळ कोरडा आहे: आपण जेवढे आहोत तेवढेच स्वतःला समजणे, कमी नाही आणि जास्त नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायात येशूने सांगितलेला धनवान शेतकरी पाहा. त्याच्या जमिनीला भरघोस पीक आले. त्याने चोरी केली असे दाखल्यात नाही, मजुरांना बुडवले असेही नाही. तो स्वतःशीच मसलत करतो, जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवतो, आणि त्याच्या तोंडी सारखे येते ते 'माझे': माझे धान्य, माझी कोठारे, माझा माल. त्या सगळ्या स्वगतात दुसरा माणूसच नाही. पाऊस नाही, मजूर नाही, शेजारी नाही. त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो आणि देव त्याला विचारतो की हे साठवलेले आता कोणाचे? तो मूर्ख ठरतो तो हिशेब चुकल्यामुळे. आयुष्य ही वस्तू त्याने स्वतःच्या जमेच्या बाजूला धरली होती. मरणाचे स्मरण ख्रिस्ती माणसाला नम्र करते, असे म्हणताना मला एवढेच म्हणायचे आहे: ते ही नोंद दुरुस्त करून घेते. घाबरवणे हे त्याचे काम नव्हे. पण ही दुरुस्ती आपोआप होत नाही, आणि खरा वाद तिथेच आहे.

आधी हे स्मरण रोजच्या धर्माचरणात किती मुरलेले आहे ते पाहू, कारण नवख्याला ते दिसत नाही. कॅथलिक मंडळींत उपवासकाळाची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी मिरवलेल्या झावळ्या जाळून ही राख करायची रीत आहे. म्हणजे ज्या पानांनी जयजयकार केला तीच वर्षभरात वाळून, जळून कपाळावर येतात. राख लावताना फादर उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातल्या शब्दांची आठवण देतात, की तू मातीचा आहेस आणि मातीतच परत जाशील. किंवा पश्चात्ताप करून शुभवर्तमानावर विश्वास ठेव, असे दुसरे वाक्य म्हणतात. पण राख वर्षातून एकदाच. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती जपमाळ. दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला नगर, नाशिक, औरंगाबाद या भागांतून भाविकांचे लोंढे येतात, कित्येक पायी येतात, आणि वाटेत जपमाळ चालू असते. तिच्यातल्या 'नमो मरिया' या प्रार्थनेचा उत्तरार्ध दोनच वेळांसाठी मरियेची मध्यस्थी मागतो: एक आत्ताची वेळ आणि दुसरी आपल्या मरणाची. नोकरी, लग्न, ऊस, निकाल, मधले काहीच त्यात नाही. पाच दशकांची एक जपमाळ पुरी करताना ही प्रार्थना ५३ वेळा म्हटली जाते. म्हणजे स्वयंपाक आवरून संध्याकाळी माळ घेऊन बसणारी बाई एका बैठकीत ५३ वेळा स्वतःच्या मरणाचा उल्लेख करते, तोही कसलाही गहजब न करता, सरावाने. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत राख नाही, जपमाळ नाही. पण प्रभुभोजन आहे, आणि प्रेषित पौलाच्या शब्दांत सांगायचे तर ते भोजन म्हणजे प्रभू येईपर्यंत त्याच्या मरणाची केलेली घोषणा. खेरीज गावात मयत झाली की मातीला जाणे आहे. कबरीत मूठभर माती टाकणे हे दोन्ही पंथांना सारखेच.

यावर पहिला आक्षेप कोणीही मराठी माणूस घेईल, आणि त्यासाठी आपल्याकडे तयार शब्दही आहे: स्मशानवैराग्य. माती देऊन हात धुतले, फाटकाबाहेर चहा झाला, की वैराग्यही संपते. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे लोक त्याच मातीला आलेले असतात, आणि सातव्या दिवसाची मिस्सा होण्याआधी भावाभावांत सातबाऱ्यावरून आवाज चढलेले असतात. आक्षेप खरा आहे. त्याला माझे उत्तर असे की स्मशानवैराग्य ही भावना आहे, आणि भावनेकडून एवढ्या मोठ्या कामाची अपेक्षा ठेवणेच चूक. दुसऱ्याच्या मरणाने बसलेला धक्का ओसरायचाच. तो ओसरला नाही तर माणूस जगणार कसा? ख्रिस्ती परंपरेने म्हणूनच धक्क्यावर भरवसा ठेवला नाही, सवयीवर ठेवला. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या चौथ्या अध्यायात सत्कर्मांची लांबलचक यादी आहे. गरिबाला आधार देणे, आजाऱ्याला भेटणे, राग न धरणे, आणि त्यातच एक कलम आहे की मरण रोज डोळ्यांसमोर ठेवावे. त्याला वेगळे प्रकरण नाही, वेगळा सोहळा नाही. भांडी घासणे जसे रोजचे तसेच हे. त्याच नियमावलीत नम्रतेवरचा सातवा अध्याय मात्र चांगला ऐसपैस आहे आणि त्यात बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. मरणाची आठवण थोडक्यात आणि नम्रतेचा रियाज विस्ताराने, हे प्रमाण मला शहाणपणाचे वाटते. आठवण हे नुसते बी आहे.

मरण जवळ असले म्हणजे माणूस नम्र होतोच असेही नाही. याचा पुरावा याच जिल्ह्याच्या मिशन-इतिहासात आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे घातले. पहिल्या तुकडीतले विल्यम हार्वी दुसऱ्याच वर्षी पटकीने गेले. त्याआधी १८२१ मध्ये मुंबईत सॅम्युएल न्यूएल पटकीनेच गेले होते. त्यांचे जोडीदार गॉर्डन हॉल १८१३ पासून मुंबईत होते. मार्च १८२६ मध्ये ते नाशिककडच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा पटकीची साथ जोरात होती. त्यांनी जवळची औषधे लोकांना वाटली आणि परतीच्या वाटेवर सिन्नरकडच्या दोडी-दापूर भागात एका देवळाच्या पडवीत त्यांना स्वतःला पटकीने गाठले. तिथेच ते गेले. बरोबरच्या दोन मुलांनी त्यांना पेटीशिवायच माती दिली. परक्या मुलखात, परक्या देवाच्या ओसरीवर मरण येणे यात एक विलक्षण नम्रता आहे, निदान परिस्थितीने लादलेली. पण याच पिढीतल्या मिशनऱ्यांची पत्रे आणि अहवाल वाचले की त्यांत या देशातल्या लोकांविषयी, त्यांच्या देवांविषयी आणि चालीरीतींविषयी इतक्या खात्रीने, इतक्या वरून लिहिलेले सापडते की आज वाचताना अवघडायला होते. बोटीवर चढताना आपण बहुधा परतणार नाही हे ज्यांना ठाऊक होते, त्या माणसांनी देह हातचा सोडला होता. आपले मत, आपली संस्कृती, आपले बरोबर असणे मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवले. त्यांच्या धैर्याविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच हा मुद्दा त्यांच्यावरून काढावासा वाटतो. देह मरणार हे कबूल करणे त्या मानाने सोपे. आपली मतेही आपल्यासारखीच मुदतीची असू शकतात, हे कबूल करायला वेगळी शिस्त लागते.

आधुनिक मानसशास्त्राने हा संशय आणखी धारदार केला. अर्नेस्ट बेकर यांनी १९७३ साली मृत्यू नाकारण्याच्या मानवी धडपडीवर ग्रंथ लिहिला. माणूस मरणाच्या भीतीवर मात करण्यासाठी संस्कृती, कीर्ती आणि मोठेपणा यांचा आधार घेतो, हे त्याचे सूत्र. पुढे काही अमेरिकी संशोधकांनी त्याची प्रयोगांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अ‍ॅरिझोनातल्या २२ न्यायाधीशांपुढे वेश्याव्यवसायाच्या आरोपाचे एक काल्पनिक प्रकरण ठेवले गेले. ज्यांना आधी स्वतःच्या मरणाविषयी दोन प्रश्न विचारले होते त्यांनी सरासरी ४५५ डॉलरचा जामीन ठरवला, इतरांनी ५० डॉलरचा. म्हणजे मरण आठवले आणि माणूस अधिक कठोर झाला. आपल्या नीतिनियमांना बिलगला आणि चुकलेल्याला झोडपू लागला. हे खरे असेल तर राखेच्या बुधवारी चर्चमधून बाहेर पडणारा माणूस नम्र न होता अधिक कर्मठ व्हायला हवा. आणि खरे सांगायचे तर तसे लोक प्रत्येक मंडळीत असतात. मात्र या संशोधनाची पुढची पाने उलटायला हवीत. या सिद्धान्ताचा एक गाजलेला प्रयोग अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला तेव्हा अपेक्षित परिणाम हाती आला नाही. तेव्हा त्या जामिनाच्या आकड्यावर सगळी इमारत उभी करता येत नाही. त्याहून कामाचा आहे तो फिलिप कोझोलिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ सालचा अभ्यास. त्यांनी मरणाचा नुसता ओझरता उल्लेख आणि मरणाचा तपशीलवार विचार यांत फरक केला. दुसऱ्या प्रकारात सहभागी लोकांना एका आगीत आपण मरतो आहोत अशी सविस्तर कल्पना करायला लावली, मग मागच्या आयुष्याकडे आणि घरच्यांवर काय गुदरेल याकडे पाहायला लावले. पैसा आणि प्रतिष्ठा यांना एरवी फार मान देणारे लोक हा विचार केल्यावर कमी हावरट वागले. सोडतीची तिकिटे उचलायची वेळ आली तेव्हा त्यांनी कमी उचलली. पेलिन केसेबिर यांनी २०१४ मध्ये उलट बाजू दाखवली, की जी माणसे मुळातच नम्र आहेत त्यांना मरणाच्या आठवणीने होणारी घालमेल कमी असते. हे सगळे धरून पाहिले तर चाहुलीसारखे येऊन जाणारे मरण माणसाला आक्रसून टाकते, आणि समोर बसवून बोलते केलेले मरण त्याचा हात सैल करते, असे म्हणायला जागा आहे. जपमाळेतली ती प्रार्थना किंवा उपवासकाळातले चाळीस दिवस हे दुसऱ्या जातीचे स्मरण आहे, निदान तसे असायला हवे. नुसते कपाळावर बोट टेकवून घेऊन दुकानावर जाणाऱ्याचे पहिल्या जातीचे.

आता या मातीतला सर्वांत अवघड आक्षेप. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आलेला आहे. ज्यांच्या बापजाद्यांना शतकानुशतके मान खाली घालायला लावली, त्यांना चर्चने पुन्हा नम्रतेचे धडे द्यायचे, हे कोणत्या तोंडाने? आणि मरणाची आठवण त्यांना करून द्यायची म्हणजे तर कडेलोट. जुन्या गावगाड्यात मरण हे महारांच्याच वाट्याला टाकलेले काम होते. कोणाकडे मयत झाली की गावोगावच्या सोयऱ्यांना निरोप पोचवायला जायचे ते महाराने. सरणाची लाकडे-गोवऱ्या वाहायच्या त्याने. मेलेली गुरे ओढायची त्याने. आणि प्रेतावरचे वस्त्र हा त्याचा 'हक्क' मानला जायचा. या वतनी चाकरीविरुद्ध बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. या इतिहासाकडे नीट पाहिले की एक गोष्ट ठळक होते. गावाने मरणाचा विटाळ एका समाजाच्या डोक्यावर ठेवला आणि बाकीच्यांनी स्वतःला त्यापासून स्वच्छ समजले. मरण हे जणू खालच्या लोकांचे खाते. बढाईची यापेक्षा पक्की व्यवस्था याकोबालाही सुचली नसती.

म्हणूनच मला वाटते की मरणाची आठवण हा दलित ख्रिस्ती माणसाला वाकवणारा उपदेश नाही, निदान मूळ मजकुरात तरी नाही. याकोब बोलतो आहे व्यापाऱ्यांशी, आणि पुढच्याच अध्यायात शेतमजुरांची मजुरी दाबणाऱ्या धनिकांशी. लूकमधला मूर्ख हा जमीनदार आहे. त्याच शुभवर्तमानात सोळाव्या अध्यायात जांभळी वस्त्रे नेसणारा श्रीमंत आणि त्याच्या दाराशी पडलेला लाजर दोघेही मरतात, आणि मेल्यावरही श्रीमंताची खोड जात नाही: लाजराला पाणी घेऊन पाठवा, लाजराला माझ्या भावांकडे निरोप घेऊन पाठवा. निरोप पोचवण्याचे काम लाजराचे, हे त्याला नरकातही गृहीतच आहे! गावगाडा ज्याने पाहिला त्याला या ओळीचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. मरणाचे स्मरण ज्याच्या वाट्याला आजवर आले नाही त्याच्याकडे आधी जायला हवे. ज्याने इतरांची मरणे वाहिली त्याच्यासाठी तेच स्मरण निराळे बोलते, की तुझ्यावर मालकी सांगणाराही मातीचाच आहे. नम्रतेचा अर्थ योग्य माप असा घेतला तर लादलेला कमीपणा हेही चुकीचे मापच ठरते आणि तेही दुरुस्त करावे लागते. पौलाने करिंथच्या मंडळीला प्रभुभोजनावरून खडसावले तेही याच कारणाने. तिथले खातेपिते सभासद आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. प्रभूच्या मरणाची आठवण जिथे ताटात आहे तिथे ही उतरंड चालणार नाही, हा पौलाचा युक्तिवाद. एकोणिसाव्या शतकात नगरच्या मंडळीत हरिपंत खिस्ती यांच्यासारखे ब्राह्मण कुळातून आलेले सभासद होते आणि महार कुळातून आलेलेही होते, आणि प्रभुभोजन दोघांचे एक होते. त्या एका पंगतीने त्या काळात किती घरे हादरली असतील, याची आज कल्पना येणार नाही.

पण चर्चने हा धडा सगळीकडे गिरवला असे म्हणणे खोटे होईल. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत आहे आणि ती हटवण्यासाठी आंदोलने झाली आहेत. माती सगळ्यांना सारखी करते, हे वाक्य तिथे साफ खोटे पडते. माणसे मातीतही भिंत घालतात. आपल्याकडे भिंत नसली तरी ग्रॅनाइट आहे. कोणाची कबर किती उंच, कोणाच्या दगडावर किती पदव्या, कोणाची जागा फाटकापाशी, यांत चढाओढ चालते. त्या मानाने मुंबईतल्या चर्चांनी जागेच्या टंचाईपायी जी रीत लावली ती अजाणता फार धार्मिक झाली आहे. तिथे बहुतेकांना तात्पुरती कबर मिळते. काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि तीच जागा दुसऱ्याला देतात. थडग्याचीही मुदत असते, हे बेनेडिक्टलासुद्धा इतक्या नेमकेपणाने सांगता आले नसते. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनालाही मुभा दिली आहे, फक्त रक्षा पवित्र जागी ठेवावी असा २०१६ चा निर्देश आहे.

दहनाचा विषय निघाला की नारायण वामन टिळकांचे नाव येतेच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले, नगरला बराच काळ राहिलेले हे कवी ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले आणि त्यांचा देह दफन न करता दहन करण्यात आला. त्याआधी दोनच वर्षे, १९१७ साली, त्यांनी मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला होता, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. आपल्या मताच्या मुदतीविषयी मी मघाशी जे म्हटले त्याचे हे उदाहरण म्हणता येईल. ख्रिस्ताविषयीची त्यांची खात्री तसूभर कमी झाली नाही, पण ख्रिस्ताच्या घराचे दार कुठे आहे हे आपल्यालाच ठाऊक, असा आव त्यांनी सोडला. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. आणि तुकारामांनी तर स्वतःचे मरण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचा अभंगच लिहिला आहे. बेलापूरहून प्रवरा खाली नेवाशाला जाते, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. देहाची क्षणिकता आणि अहंकाराचे विसर्जन हे विषय या खोऱ्याला मिशनऱ्यांनी येऊन शिकवायचे नव्हतेच. फरक आहे तो थोडा पण खरा. संतांच्या बोलण्यात मरणापूर्वीच मरून मोकळे होण्याची ओढ आहे. ख्रिस्ती विश्वासात मरण हा शत्रूच राहतो, पौल त्याला शेवटचा शत्रू म्हणतो, आणि येशू आपल्या मित्राच्या, दुसऱ्या एका लाजराच्या, कबरीपाशी रडतो. मरणाला गोड मानायची सक्ती इथे नाही. त्यामुळे ज्याच्या घरी तरणे मूल गेले आहे त्याला 'सगळे मातीच' असे ऐकवणे ही नम्रता नव्हे, तो उद्दामपणा आहे. दुसऱ्याच्या दुःखावर आपले तत्त्वज्ञान चालवणे आहे. स्मरण करायचे ते आपल्या मरणाचे. दुसऱ्याच्या मयतीला गप्प बसावे.

कोणी म्हणेल, पुनरुत्थानाची खात्री असलेल्याला मरणाचे काय, तो तर स्वर्गाच्या आरक्षित तिकिटावर आणखीच ताठेल. तसे होते खरे. पण पुनरुत्थान हे देणे आहे, ते मेलेल्याला स्वतःच्या बळावर उठता येत नाही म्हणूनच. ज्याला आपण उठणारच असे वाटते त्याने त्या विश्वासाचा अर्धाच भाग ऐकला आहे. आणि उद्या मरायचेच तर आज खाऊ-पिऊ, हा युक्तिवाद पौलाने पहिल्या करिंथकरांस पत्रात स्वतःच मांडून ठेवला आहे, त्याच्यावर वेळ घालवायचे कारण नाही. तो मांडणारे लोक सहसा उद्याचीही सोय करून ठेवतात.

राहता राहिला रोजचा व्यवहार. मंडळीच्या कमिटीवर वर्षानुवर्षे तीच माणसे, मिशनच्या जागांवरून चाललेले कोर्टातले दावे, 'माझ्यानंतर हे चालणार नाही' असे प्रामाणिकपणे वाटणारे कार्यकर्ते: याकोबाची वाफ इथे लागू करायची आहे. आपल्यानंतर चालणार आहे, आणि कदाचित बरे चालणार आहे, हे जिवंतपणी मान्य करून पद सोडणे ही राखेच्या बुधवारची खरी तपासणी. त्याहून कठीण तपासणी तहसिलात होते. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता माणूस गेला आणि मागे पत्नी व मुले असली तर एक तृतीयांश पत्नीला आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना सारखे. त्यात मुलगा-मुलगी भेद नाही, आणि तो कधीच नव्हता. हिंदू वारसा कायद्याला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क द्यायला २००५ साल उजाडले, त्याच्या कितीतरी आधीचे हे. तरीही उसाच्या जमिनीची वाटणी निघाली की बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, आणि सही न करणारी बहीण माहेरची नाही असे ठरते. बाप हयात असताना हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही, कारण मृत्युपत्राचा विषय काढणे अशुभ. जपमाळेत रोज ५३ वेळा मरण उच्चारणाऱ्या घरात वाटणीच्या वेळी मात्र मरणाचे नाव काढायचे नसते. वडिलांनी धडधाकट असताना मुलगे आणि मुली एकत्र बसवून, ही जमीन माझी नाही, मी फक्त काही काळ कसली, एवढे म्हणून कागद करावा. त्यासाठी फादरांची किंवा पाळकांची गरज नाही, वकील आणि दोन साक्षीदार पुरतात.